तांब्याचा पत्रा कुठे लावायचा

तांब्याचा पत्रा होडीच्या पोटाखाली असायला हवा होता. तो होडीच्या तोंडावर होता. त्याला हळदकुंकू लावलेलं, वर जास्वंदीचा हार, आणि शेजारी नारळाची अर्धी कवड.

मी गुडघे टेकून होडीचा तळ बघितला. महिन्यापूर्वी स्वतः उभं राहून मी तो पत्रा तिथे बसवून घेतला होता. आता तिथे काहीच नव्हतं. काजूच्या सालीचं काळं तेल लावलेला गुळगुळीत तळ. स्क्रूची भोकंसुद्धा दिसत नव्हती, इतकं सफाईदार काम. माझ्या वर्कशॉपमध्ये इतकं सफाईदार काम कोणी करत नसे, त्यामुळे मला जास्तच राग आला.

"भिवा, पत्रा वर कोणी आणला?"

"मीयाच हाडलंय," भिवा तांडेल म्हणाला. तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख. "तांब्याचो पत्रो तो, साहेबानू. तांबा म्हणजे देवाचा. तेच्यार पाय कसो देवचो?"

मी शेजारच्या होडीकडे गेलो. तिथेही पत्रा तोंडावर. तळाची चार भोकं कापूस आणि राळ भरून बुजवलेली. तिसरी, चौथी, पाचवी, सगळीकडे तेच. पाचवीवरचा पत्रा तर चिंचेने घासून लखलखीत केला होता. मी कपाळावर हात मारून घेतला.

मी तेव्हा मालवणला होड्यांच्या एका सरकारी वर्कशॉपमध्ये सुपरवायझर होतो. महाराष्ट्र राज्य नुकतं झालं होतं. सिंधुदुर्ग जिल्हा व्हायला बरीच वर्षं होती. आमचे साहेब रत्नागिरीला बसत, आणि त्यांचे साहेब मुंबईला. माझं काम इंजिनं दुरुस्त करायचं. पण इंजिनाच्या होड्या मोजक्याच, त्यामुळे ज्या फाईलला कोणी वाली नसेल ती माझ्या टेबलावर येई. होड्यांना आकाशातल्या विजेपासून वाचवायची फाईल तशीच आली.

वीज आणि होडी हे प्रकरण सोपं आहे. भर समुद्रात सगळ्यात उंच काय? होडीची डोलकाठी. आमच्याकडे पावसाच्या शेवटी, भातकापणीच्या दिवसांत, दुपारी घाटाकडून काळे ढग येतात आणि समुद्रावर जाऊन कोसळतात. वीज काठीवर पडते. तिला पाण्यात जायचं असतं. पण लाकूड तिला वाट देत नाही. मग ती लाकूड फोडते, नाहीतर काठी सोडून शेजारी बसलेल्या माणसातून जाते. आपण तिला अडवू शकत नाही. फक्त बरी वाट करून देऊ शकतो. काठीच्या टोकाला धातूचा टोकदार गज, त्याला जोडून खाली उतरणारी तांब्याची पट्टी, आणि पट्टीच्या शेवटी फूटभर लांब, फूटभर रुंद तांब्याचा पत्रा. हा पत्रा कायम पाण्यात पाहिजे. तो पाण्यात नसेल तर वरचं सगळं व्यर्थ. व्यर्थ कसलं, घातकच.

म्हणजे या पाच शहाण्यांनी काय केलं होतं, तर ढगातली वीज पट्टीवरून व्यवस्थित खाली आणायची आणि होडीच्या तोंडावर बसलेल्या खलाशाच्या मांडीवर ठेवायची, अशी सोय केली होती.

गणपती होऊन गेले होते. ढग गडगडायला जेमतेम तीन आठवडे उरले होते. आणि भिवाला हे मी सांगावं अशी गरज नव्हती. आदल्या वर्षी त्याच दिवसांत, त्याच होडीवर वीज पडून त्याचा थोरला भाऊ आत्माराम जागच्या जागी गेला होता. होडी आत्मारामच्या बायकोची, द्वारकाबाईची होती. ती टोपलीतून मासे विकायची, दीर होडी चालवायचा. घरात दुसरा कमावता पुरुष नव्हता. या पत्र्याच्या ट्रायलसाठी पाच होड्या निवडायच्या ठरल्या तेव्हा मी पहिलं नाव हिच्या होडीचं घातलं होतं.

"भिवा, अरे, तुझा भाऊ गेला ना असाच?"

"गेलो."

"मग पत्रा खाली लाव."

"बघूया," भिवा म्हणाला.

आमच्याकडे 'बघूया' म्हणजे काय, हे मला सावंतवाडीत जन्मून कळायला हवं होतं.

मी पोस्टात जाऊन साहेबांना ट्रंक कॉल लावला. तेव्हाचा ट्रंक कॉल म्हणजे तासभर थांबायचं आणि मग असं ओरडायचं की पोस्टात आलेल्या सगळ्या गावाला फाईल पाठ व्हावी.

"साहेब, पत्रे काढलेत."

"काढले? कोणी?"

"खलाशांनी. म्हणतात, तांबं पायाखाली चालणार नाही."

"ड्रॉइंगमध्ये पत्रा कुठे आहे?"

"तळाखाली."

"मग तळाखालीच पाहिजे. महिनाअखेर कम्प्लिशन रिपोर्ट पाठवा."

"साहेब, लोक ऐकत नाहीत."

"तुम्ही लोकल आहात ना? समजवा त्यांना."

फोन तुटला. खिडकीमागचा पोस्टातला बाबू म्हणाला, "देवाक विचारा ना. देवान सांगलां काय मगे कोण तोंड उघडतलो?"

गंमत म्हणजे संध्याकाळी भिवानेही तेच सुचवलं. कौल लावूया. बाहेरच्यांसाठी सांगतो, कौल म्हणजे देवाची परवानगी. गुरव देवाच्या मूर्तीला दोन्ही बाजूंना पाण्याने फुलाच्या पाकळ्या चिकटवतो आणि प्रश्न विचारतो. उजवीकडची पाकळी आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. मी डिप्लोमा झालेला माणूस. तांत्रिक बाब पाकळीवर सोडायची, या विचारानेच मला कसंतरी झालं. पण अडला हरी! गेलो.

गुरवाने विचारलं, तांब्याचा पत्रा होडीच्या पोटाखाली लावायला देवाची परवानगी आहे काय. आम्ही हात जोडून उभे. पाचही तांडेल हजर. बराच वेळ काहीच पडेना. मग उजवीकडची पाकळी टपकन पडली.

"उजवो!" गुरव म्हणाला.

मी इतका खूश झालो की देवाला मनापासून नमस्कार केला. भिवाचं तोंड मात्र उतरलं. मला वाटलं, भक्तीने गहिवरला असेल.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, होड्या परत यायच्या वेळी, मी पुळणीवर म्हणजे किनाऱ्यावरच्या वाळूवर गेलो. भिवाची होडी पाण्याच्या कडेला लागत होती. पत्रा तोंडावर. हार नवीन.

माझा तोल सुटला. आजही आठवलं की लाज वाटते. मी पाण्याच्या कडेला उभा राहून सगळ्यांदेखत ओरडलो, "देवाने कौल दिला तरी तुमचं आपलं तेच! पालथ्या घड्यावर पाणी! आत्माराम गेला तसंच तुम्हालाही जायचंय काय?"

सगळे माझ्या मागे बघायला लागले. मी वळलो. मग दिसलं. मासे घ्यायला आलेल्या बायकांत द्वारकाबाई उभी होती.

तिने डोक्यावरची टोपली खाली ठेवली. पदर खोचला. ती रडेल असं मला वाटलं. ती रडली नाही.

"साहेबानू, माझ्या घोवाचां नाव घेतलात ना?" ती म्हणाली. "मगे आता हयसर येवा. होडयेक हात लावा."

"मी?"

"तुमीच. पायातला काढा आणि येवा."

मी चपला काढल्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि होडीला खांदा दिला. तीन वर्षं मी मालवणात होड्यांची दुरुस्ती बघत होतो. होडी वाळूवर ओढायला मी एकदाही हात लावला नव्हता. माझ्याकडे होडी यायची ती वर्कशॉपच्या शेडमध्ये, ठोकळ्यांवर चढवलेली.

होडी वर घेतात ती अशी. वाळूवर आडवे ओंडके टाकतात. त्यांना चरबी नाहीतर माशाचं तेल चोपडतात. आठ-दहा माणसं दोन्ही बाजूंनी ढकलतात, होडी ओंडक्यांवरून पोटावर घसरत वर चढते. मागचा ओंडका मोकळा झाला की धावत नेऊन पुढे टाकायचा. वरून होडीचं वजन, खाली ओंडका, मध्ये वाळू. करकर आवाज होत होता. पंधरा पावलांत माझा दम निघाला.

"थांबवा!" द्वारकाबाई म्हणाली. होडी थांबली. "आता वाकान बघा. ह्यो ओंडको. ह्यो होडयेचो कणो. मधी तुमचो पत्रो. खंय जातलो तो?"

मी वाकून बघितलं. कण्याच्या शेजारची फळी ओंडक्यावर दाबून बसली होती. मध्ये नखसुद्धा गेलं नसतं.

"पयल्याच दिसा अडाकलो," ती म्हणाली. "भायर इलो तो फळी घेवनच. होडयेत पाणी भरला. ही फळी नवी आसा, तुमका दिसाक नाय?"

तेव्हा मला भोकं न दिसण्याचं कारण कळलं. भोकं बुजवलीच नव्हती. फळीच नवी होती. बाकी चौघांनी हे बघितलं आणि आपापले पत्रे मुकाट्याने काढून घेतले.

ज्याने कोणी ते ड्रॉइंग काढलं त्याच्या डोळ्यांसमोर बंदरात नांगरून ठेवलेली बोट होती. ती वर्षभर पाण्यात असते. आमच्या होड्या रोज संध्याकाळी जमिनीवर येतात. ड्रॉइंगला हे माहीत नव्हतं. मला माहीत होतं, पण ड्रॉइंग हातात आल्यावर मी विसरलो.

"मग हे मला सांगितलं का नाही?" मी भिवावर खेकसलो.

"तुमी 'कोणी हाडलो' म्हणान विचारलात," भिवा म्हणाला. "'कित्याक हाडलो' तां खंय विचारलात? आणि सांगलां आसतां तर तुमी वर लिवतलात, सरकारी माल मोडलो, खलाशांका अक्कल नाय. देवाचां नाव घेतला काय सगळे गप."

"आणि तो कौल?"

भिवाने मान खाली घातली. "माका वाटला, डावो येतलो."

मला हसावं की त्याला समुद्रात ढकलावं, कळेना. मी वाळूवर बसलो. पत्रा खाली लावला तर होडी फुटते. वर ठेवला तर माणूस मरतो. कडेला लावावा तर आमच्या होड्यांच्या तळाला उतार असा की कडेचा पत्रा अर्धा वेळ पाण्याबाहेर. हे सगळं मी मोठमोठ्याने बडबडत होतो.

"नांगर खंय आसता?" द्वारकाबाईने मध्येच विचारलं.

"नांगर? होडीत."

"आणि काम पडल्यार?"

"पाण्यात."

"मगे?" ती म्हणाली आणि टोपली उचलायला वाकली.

मी लगेच 'नाही' म्हटलं, आणि त्याला कारण होतं. आमच्या धंद्यात एक नियम आहे. जीव वाचवणारी वस्तू माणसाच्या आठवणीवर सोडायची नाही. वारा फिरलेला, शीड उतरवायची घाई, ढग डोक्यावर, तेव्हा पत्रा पाण्यात टाकायचं कोणाच्या लक्षात राहील? मी तसं सांगितलं.

"खोटा नाय," ती म्हणाली. "पण होडयेच्या तोंडार नारळ फोडूक ह्यो कधी विसारलो काय, विचारा तेका."

मी भिवाकडे बघितलं. तो चक्क दुखावला होता. "तां कसां विसारतलंय?"

तर मग पत्रा तोंडावरच राहिला. हळदकुंकवासकट. पट्टी वाकवली की मोडते, म्हणून काठीच्या बुंध्यापासून पुढे मी बोटाएवढी जाड, पिळाची, लवचीक तांब्याची तार जोडली. एक कडी ठोकून पत्र्याला दोरी बांधली. ढग गडगडला की पत्रा बाजूने पाण्यात सोडायचा. तार काठीपासून सरळ बाहेर जायला हवी, वेटोळी नकोत, आणि तिच्यापासून दोन हातांच्या आत कोणी बसायचं नाही. तारेच्या इंडेंटमध्ये, म्हणजे मागणीपत्रात, मी 'किरकोळ दुरुस्ती' असं लिहिलं. खरं लिहिलं असतं तर तार पुढच्या पावसाळ्यात आली असती.

मग प्रॅक्टिस. इथे पुन्हा माझ्या डोक्याला ताप. मी म्हटलं, "समजा, ढग आला. टाक पत्रा." भिवाने पत्रा दोन्ही हातांत घेतला, डोळे मिटले आणि गाऱ्हाणं सुरू केलं. आमच्याकडे देवाला साकडं घालायची ती रीत. एकाने मागणं मागायचं आणि बाकीच्यांनी 'होय महाराजा' म्हणायचं. "बा देवा महाराजा, आज ही लेकरां दर्यात इली आसत..." "होय महाराजा!" "काय चुकला-माकला आसात..." "होय महाराजा!" घड्याळ लावून बघितलं. चार मिनिटं.

"भिवा, तेवढ्यात वीज दोनदा पडेल! आधी पत्रा, मग गाऱ्हाणं!"

"आदी देवाक सांगूक नको?"

"आधी पत्रा!"

यावर दोन दिवस वाद झाला. शेवटी गुरवाने निकाल दिला, पत्रा पाण्यात सोडताना देवाचं नुसतं नाव घ्यावं, गाऱ्हाणं नंतर घातलं तरी देव ऐकतो. मी त्या गुरवाचा आजन्म ऋणी आहे. पाचही होड्यांवर मी हे पंधरा-पंधरा वेळा करून घेतलं. लोक मला बघितलं की लांबूनच ओरडायचे, "आदी पत्रो, मगे गाऱ्हाणां!" चेष्टा करायचे. करोत बापडे.

ऑक्टोबरात एका दुपारी घाटाकडून ढग आला. मी वर्कशॉपमधून पुळणीवर गेलो तेव्हा द्वारकाबाई आधीच येऊन उभी होती. पाचही होड्या बाहेर होत्या. पाऊस असा कोसळला की समोरचा किल्ला दिसेना. गडगडाट सुरू झाला. मला भीती वाटत होती. मी मनात तारेचा एकेक जोड तपासत होतो. भिवाच्या होडीवरचा खालचा नट मी दुसऱ्यांदा आवळला होता की नव्हता, तेच आठवेना.

तासाभराने पाऊस ओसरला आणि होड्या दिसायला लागल्या. एक, दोन, तीन, चार. बऱ्याच वेळाने पाचवी, भिवाची. शीड उतरवलेलं, वल्ही मारत येत होती. द्वारकाबाई पाण्यात शिरली आणि बोट दाखवत माणसं मोजायला लागली. सात निघाली होती. तिने दोनदा मोजलं. सात होती.

काठीच्या टोकाचा गज वितळून बोथट झाला होता. शीड ओढायची दोरी जळून गेली होती. पत्र्याची एक कड काळीनिळी पडली होती. काठीला चरा नव्हता. सातही जणांचे कान बसले होते, त्यामुळे भिवा वाळूवर उभा राहून मला सगळ्या गावाला ऐकू जाईल असं सांगत होता, "आदी पत्रो टाकलंय! मगे गाऱ्हाणां! गाऱ्हाणां अर्धा रवला!"

मी त्याला मिठी मारली. सरकारी नोकरीत मी एवढं एकदाच केलं.

द्वारकाबाईने पत्रा उचलला, पदराने पुसला आणि बराच वेळ हातात धरला.

"साहेबानू, गेल्या वर्षाक ह्यां आसतां तर?"

"तर वाचला असता," मी म्हटलं. आणि ते खरं होतं.

महिन्याने साहेब इन्स्पेक्शनला आले. पांढरी पँट, बूट, हातात ड्रॉइंग. त्यांनी पाचही होड्या बघितल्या.

"हे ड्रॉइंगप्रमाणे नाही."

"साहेब, होड्याही ड्रॉइंगप्रमाणे नाहीत."

"उद्धट बोलू नका. सगळे पत्रे तळाखाली घ्या. मी रिपोर्टवर सही करणार नाही."

मी तोंड उघडणार होतो. तोंड उघडलं असतं तर माझी बदली नक्की होती. पण तेवढ्यात मागून आवाज आला.

"साहेबानू, पयली ही होडी वर घेवया. पायातला काढा. हात लावा."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी समुद्राकडे बघितलं. साहेबांनी बूट काढले.

दोन महिन्यांनी सुधारित ड्रॉइंग आलं. पत्रा सुटा, दोरी बांधलेला, पाण्यात सोडण्याजोगा. खाली साहेबांची सही. द्वारकाबाईचं नाव त्यात नव्हतं, माझंही नव्हतं, आणि गाऱ्हाण्याचा उल्लेख तर नव्हताच.

ते ड्रॉइंग फाईलला लावताना मी जुनं बाहेर काढलं. त्यावरची आवक तारीख मी आधी कधी वाचली नव्हती. आत्माराम जायच्या आधी एक वर्ष ते आमच्या ऑफिसात येऊन पडलं होतं. मंजुरीसाठी रत्नागिरीला, तिथून मुंबईला, तिथून शेरा मारून परत, असं ते फिरत होतं. सहा सह्या होत्या, त्यात एक माझी. सहा जणांपैकी एकानेही पुळणीवर जाऊन होडीला हात लावला नव्हता. रत्नागिरी लांब आहे, मुंबई त्याहून लांब. माझ्या वर्कशॉपपासून पुळण चालत पाच मिनिटांवर होती.